पडद्यावरचा पियानो आणि वेदीजवळचा पियानो

१९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासना-संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास स्पष्ट शब्दांत मनाई होती. ढोल, झांजा आणि तत्सम गोंगाटी वाद्यांच्या रांगेतच पियानोला बसविले होते. पुढे संतपदाला पोहोचलेल्या या पोपमहाशयांवर आज टीका करणे सोपे आहे. परंतु त्यांची चिंता खोटी नव्हती. त्या काळी इटलीतील चर्चमधून नाट्यगृहातील ऑपेराच्या धर्तीचे गाणे सर्रास घुमत होते आणि मिस्सा ही गायकांची मैफल होऊ पाहत होती. तिला आळा घालणे अवश्य होते. त्या आळ्यात पियानोही सापडला.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनचे मानाचे स्थान कायम ठेवून इतर वाद्यांसाठीही दार उघडले. १९६७ च्या सूचनापत्राने त्या दाराला एक अडसर ठेवला. सर्वसामान्य मतानुसार व वापरानुसार जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच योग्य ठरतात, ती उपासनेतून वर्ज्य करावीत, असा त्याचा आशय आहे. अट रास्त आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्यातील 'सर्वसामान्य मत' या दोन शब्दांशी. हे मत घडविते कोण? धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या तरुणाने सणाच्या मिस्सेला पियानो ठेवावा, जॅझच्या अंगाने एखादे भजन बसवावे, असे सुचविले की कोणीतरी ज्येष्ठ उठून म्हणतात, "ते हॉटेलातले वाद्य. दारूच्या पेल्याशेजारी शोभते." या ज्येष्ठांपैकी कितीजण जॅझ ऐकायला हॉटेलात गेले असतील? त्यांनी पाहिला आहे तो सिनेमा. पियानोवादक म्हणजे कोण, हे आपल्याला सिनेमाने आणि थोड्याफार प्रमाणात कादंबरीने शिकविले आहे. आणि जे शिकविले ते खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे.

१९४२ सालच्या 'कॅसाब्लँका'मधील सॅम हा पडद्यावरचा बहुधा सर्वांत परिचित पियानोवादक. ही भूमिका करणारे डूली विल्सन हे मूळचे ड्रमवादक आणि गायक. पियानो त्यांना वाजविता येत नव्हता; वाजविणारा कॅमेऱ्याबाहेर होता. पण त्याहून बोलकी गोष्ट अशी की सॅमला कथेत स्वतःचे काहीच नाही. हॉटेलमालकाच्या भग्न प्रेमाला सूर पुरविणे एवढेच त्याचे काम. घर, भक्ती, सराव, हाताचे दुखणे, पगाराची काळजी, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही.

आपल्याकडे १९४९ च्या 'अंदाज'पासून हीच तऱ्हा आहे. दिलीपकुमार पियानोशी बसतात, मुकेश यांचा आवाज येतो, संगीत नौशाद यांचे, हे सर्वांना पाठ असते. पियानोच्या पट्ट्यांवर प्रत्यक्ष कोणाची बोटे होती, हे सांगणारा रसिक विरळा. पुढे कित्येक वर्षे हिंदी चित्रपटातील पियानो झुंबर आणि वळणदार जिना यांच्या पंक्तीत जाऊन बसला. श्रीमंताचा बंगला, हातात पेले घेतलेले पाहुणे, प्रेमभंग झालेला नायक. आणि त्याची बोटे एका सप्तकावर घुटमळत असताना सबंध वाद्यवृंद वाजतो! याला वादन म्हणत नाहीत. ही नेपथ्यरचना झाली.

परदेशी कलात्मक चित्रपटांनी हे नेपथ्य टाकून दिले आणि त्याच्या जागी जखम आणली. १९९३ चा 'द पियानो', १९९६ चा 'शाइन' आणि एल्फ्रीडे येलिनेक यांच्या १९८३ च्या कादंबरीवरून मिखाएल हानेके यांनी २००१ साली केलेला पियानो-शिक्षिकेवरचा चित्रपट, ही तीन उदाहरणे पाहा. पहिल्यातील नायिका मुकी आहे आणि नवरा कुऱ्हाडीने तिचे बोट तोडतो. दुसऱ्यात रखमानिनॉफची तिसरी कंचेर्तो वाजविता वाजविता तरुणाचे मन कोलमडते. तिसऱ्यातील शिक्षिका आईच्या धाकात जगणारी आणि स्वतःच्याच देहाला इजा करून घेणारी. कलाकृती म्हणून मी या तिन्हींना कमी लेखत नाही. येलिनेक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि व्हिएन्नाच्या संगीतशाळेत त्या स्वतः ऑर्गन शिकलेल्या. त्या काय लिहीत होत्या हे त्यांना पक्के ठाऊक होते. तक्रार एवढीच की एकामागून एक अशा कथा पाहिलेल्या माणसाच्या मनात वादन आणि विकृती यांची गाठ पक्की बसते. वाद्यापुढे रोज चार तास शांतपणे बसणाऱ्या माणसाची कथा होऊ शकते, हे मग त्याला सुचतही नाही.

सर्वांत जास्त राग येतो तो मात्र एका गोड चित्रपटाचा. अलेस्सांद्रो बारिक्को यांच्या १९९४ च्या नाट्यस्वगतावरून जुझेप्पे तोर्नातोरे यांनी १९९८ साली तो केला. जहाजावर जन्मलेला आणि कधीही जमिनीवर न उतरलेला एक काल्पनिक पियानोवादक हा त्याचा नायक. त्याच्याशी सामना करायला जेली रोल मॉर्टन जहाजावर येतात. मॉर्टन हे खरे, होऊन गेलेले माणूस. नायक इतक्या भरधाव वाजवितो की तापलेल्या तारांवर सिगारेट पेटते. ती तो मॉर्टन यांच्या तोंडात देतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. कल्पनेतल्या गोऱ्या माणसाने इतिहासातल्या एका कृष्णवर्णीय कलावंताचा पाणउतारा केला, तोही केवळ वेगाच्या जोरावर, याचे कोणाला काही वाटत नाही.

खरे मॉर्टन कोण होते? न्यू ऑर्लीन्समधील क्रिओल कॅथलिक घराण्यातला हा मुलगा कोवळ्या वयात त्या शहरातील बदनाम वस्तीत पियानो वाजवू लागला. पणजीला ते कळले तेव्हा तिने त्याला घराबाहेर काढले, असे त्याने स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. प्रतिष्ठित कॅथलिक घर, वाजविणारे पोर आणि बंद झालेले दार, हे दृश्य आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये. १९३८ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स यांनी मॉर्टन यांना पियानोशी बसवून बोलते केले. त्या ध्वनिमुद्रणांत ते बढाया मारतात, ते सोडून द्यावे. पण डाव्या हाताचा स्पॅनिश ठेका कसा धरायचा आणि तो नसेल तर जॅझला चव का येत नाही, हे ते एखाद्या कसबी सुताराप्रमाणे सांधा उकलून दाखवितात. वेगाचे तेथे काही चालत नाही. १९४१ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

जॅझमधील पियानोवादकाचे बहुतेक आयुष्य एकट्याने वाजविण्यात जात नाही. आपल्याकडे त्याच्या कामाला नेमका शब्द आहे: साथ. ट्रम्पेटवाला आपली कल्पना मांडत असतो तेव्हा पियानोवाल्याने त्याच्या दोन वाक्यांमधल्या फटीत मोजके स्वरसंघात टाकायचे. इतके थोडे की तो अडखळू नये आणि इतके नेमके की पुढची वाट त्याला दिसावी. ड्रम काय म्हणतो, बास कोठे चालला आहे, हे एकाच वेळी ऐकायचे. स्वतःची पाळी आली की बोलायचे आणि संपली की पुन्हा मागे सरायचे. मैफलीत हार्मोनियमची साथ करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅमेऱ्याला मात्र ऐकणारा माणूस दाखविता येत नाही. त्याला घामाने डबडबलेले कपाळ दाखविता येते.

यावर कोणी म्हणेल, जॅझच्या पियानोवादकांची आयुष्ये खरोखरच उद्ध्वस्त झाली, मग चित्रपटांना दोष कशाला? उद्ध्वस्त झाली, हे खरे. पण कशाने? १९४५ साली फिलाडेल्फियात पोलिसांनी बड पॉवेल यांच्या डोक्यावर मारहाण केली. वय तेव्हा अवघे वीस. त्यानंतर इस्पितळाच्या वाऱ्या कधी सुटल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मद्य विकले जाते तेथे वाजवायचे तर वादकाला पोलिसांकडून परवान्याचे कार्ड घ्यावे लागे. १९५१ साली थेलोनिअस मंक यांचे ते कार्ड काढून घेतले गेले आणि जवळजवळ सहा वर्षे ते आपल्याच शहरातील क्लबांमध्ये वाजवू शकले नाहीत. मारणारा हात होता, कार्ड काढून घेणारे कार्यालय होते, हेरॉइन विकणारे दलाल होते. चित्रपटाला अशी कारणे नको असतात, त्याला स्वभाव हवा असतो. 'प्रतिभावंत असेच असतात' असे म्हटले की मारणाऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही. गंमत अशी की पॉवेल यांच्या पॅरिसमधील वर्षांवरून सुचलेला एक चांगला चित्रपट १९८६ साली निघाला, तर त्यात नायकाच्या हाती चक्क सॅक्सोफोन दिला!

साहित्याने एकदा तरी हे नीट पाहिले आहे. जेम्स बॉल्डविन यांची 'सनीज ब्लूज' ही १९५७ ची कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती अवश्य मिळवावी. थोरला भाऊ हार्लेममध्ये बीजगणित शिकविणारा, संसारी, सावध. धाकटा सनी पियानोवादक आणि हेरॉइनपायी तुरुंगात जाऊन आलेला. शेवटी थोरला प्रथमच त्याचे वादन ऐकायला जातो. बॉल्डविन तेथे वेग सांगत नाहीत की बोटांची करामत सांगत नाहीत. बासवादक सनीला कसे हळूहळू किनाऱ्यावरून खोल पाण्यात बोलावतो, त्याला कसा धीर देतो, आणि सनी कसा आधी चाचपडतो, ते सांगतात. पियानोवर ठेवलेल्या पेल्याला ते यशयाच्या ग्रंथातील कोपाच्या प्याल्याची उपमा देतात. एक्कावन्नाव्या अध्यायात प्रभू तो प्याला आपल्या प्रजेच्या हातातून काढून घेतो. किशोरवयात हार्लेममध्ये प्रवचने करणाऱ्या लेखकाला ही उपमा सहज सुचली असणार. क्लबातल्या पेल्याकडे पाहून ज्याला यशया आठवतो, त्याच्या हाती पियानोवादकाची कथा सुरक्षित राहते.

आता ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला त्या मेरी लू विल्यम्स यांच्याकडे वळतो. जन्म १९१० चा, अटलांटा येथला, बालपण पिट्सबर्गमध्ये. आई ऑर्गनवर बसली की मांडीवरची ही मुलगी ऐकलेले वाजवून दाखवी. विशीत कॅन्सस सिटीच्या अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात त्या पियानो वाजवू लागल्या, आणि वाजविता वाजविता त्याच वाद्यवृंदासाठी लिहू लागल्या. पुढे बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन यांनीही त्यांच्याकडून रचना घेतल्या. १९४५ साली त्यांनी 'झोडिअ‍ॅक स्वीट' रचला. त्याच दशकात त्यांच्या हार्लेममधील घरी मंक, पॉवेल, डिझी गिलेस्पी ही तरुण मंडळी येत, वाजवीत, चुका दुरुस्त करून घेत. म्हणजे ज्या पिढीने जॅझचे व्याकरण बदलले, तिची एक शाळा या बाईंच्या बैठकीच्या खोलीत भरत होती.

१९५४ साली पॅरिसमध्ये एका रात्री त्या पियानोवरून उठल्या आणि त्यांनी वादन सोडून दिले. चित्रपटाचा पटकथाकार येथे हात चोळू लागेल: आता व्यसन, आता वेड, आता मृत्यू. तसे काही घडले नाही. त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि प्रार्थना करू लागल्या. हार्लेममधील लूर्दमातेच्या चर्चमध्ये त्या तासन्‌तास बसत. व्यसनात बुडालेल्या वादकांना घरी आणून जेवू घालीत, सांभाळीत. १९५७ साली येशूसंघाचे फादर अँथनी वुड्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्याबरोबर गिलेस्पी यांच्या पत्नी लॉरेन यांनीही. त्यांना वाटत होते की देव हवा असेल तर संगीत टाकले पाहिजे. धर्मगुरूंनी आणि मित्रांनी त्यांना उलट सांगितले: वाजविणे हीच तुमची सेवा. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात त्या पुन्हा पियानोशी बसल्या. दुसऱ्या वर्षी गरजू वादकांच्या साह्यासाठी त्यांनी एक प्रतिष्ठान काढले आणि त्याच्या खर्चासाठी जुन्या वस्तूंचे दुकान चालविले. जॅझच्या इतिहासातली एक थोर स्त्री दुकानात उभी राहून जुने कपडे विकते आहे, हे दृश्य कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेले नाही. त्यांच्यावर २०१५ साली एक माहितीपट निघाला. कथापट माझ्या तरी पाहण्यात नाही.

१९६२ च्या मे महिन्यात पोप तेविसावे जॉन यांनी मार्टिन डी पोरेस यांना संत घोषित केले. पेरू देशातील लिमा शहरात गोरा स्पॅनिश बाप आणि गुलामीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय आई यांच्या पोटी जन्मलेले हे डॉमिनिकन बंधू. मठात झाडू मारणारे, आजाऱ्यांची सेवा करणारे. त्याच वर्षी मेरी लू यांनी त्यांच्यावर भजन रचले. शब्द फादर वुड्स यांचे. नंतर त्यांनी तीन मिस्सा रचल्या. शांतीसाठी रचलेली तिसरी मिस्सा १९७१ साली आल्विन एली यांच्या नृत्यसंघाने रंगभूमीवर आणली, आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये प्रत्यक्ष मिस्सेत ती गायिली गेली. पियानोवर त्या स्वतः होत्या. १९०३ च्या मनाईपासून बहात्तर वर्षे लोटली होती.

त्या एकट्या नव्हत्या. डेव्ह ब्रुबेक या पियानोवादकाकडे एका अमेरिकन कॅथलिक नियतकालिकाच्या प्रेरणेने मिस्सा रचण्याचे काम आले. ती पूर्ण करता करता १९८० साली ते कॅथलिक झाले. हेच ब्रुबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईत वाजवून गेले होते.

मुंबईत त्यांना जाणकार कान भेटले, त्याला कारण आपलीच चर्च होती. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन धरायला, मिस्सेत साथ करायला शिकवीत. त्या शाळांतून निघालेली मुले तीसच्या दशकापासून मुंबईच्या हॉटेलांत टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या अमेरिकन पियानोवादकांच्या खांद्याला खांदा लावून जॅझ वाजवू लागली आणि तेथून हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत गेली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे आता पुस्तकांतून येऊ लागली आहेत. ज्या पियानोपुढे नायक नुसते बसत होते, त्याचे सूर अशाच वाद्यवृंदांतून येत होते. त्यांचा पाया वेदीजवळ घातला गेला होता. आणि आपण? शनिवारी रात्री हॉटेलात वाजविणारा माणूस रविवारी सकाळी गायकवृंदात दिसला की आपल्या भुवया वर जात. त्याच्या घरी मुलगी द्यायची की नाही, यावर कुजबूज होई. त्याच घरातला मुलगा लंडनच्या परीक्षेचे प्रमाणपत्र घेऊन आला की मात्र सत्काराला शाल तयार. प्रमाणपत्रातला पियानो चालतो, पोटासाठी वाजविलेला चालत नाही!

आता एका रास्त आक्षेपाचा विचार करू. जॅझ आला की मिस्सेचा कार्यक्रम होईल, भाविक गायचे सोडून टाळ्या पिटतील, असे म्हणतात. हा धोका आहे. दहाव्या पायस यांना दिसलेला धोका तोच होता. पण तो टाळायचा तर वादकाला सेवा शिकवावी लागते; वाद्य बदलून भागत नाही. आपल्या चर्चमध्ये आज काय चालते ते पाहा. पियानो नको म्हणणाऱ्या समित्यांनी इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड मात्र कोणतीही चर्चा न करता आत घेतला. त्यातली ठेक्याची कळ दाबली की यंत्र आपोआप ढोल आणि बास वाजवू लागते. ते कोणाचेही ऐकत नाही. म्हातारी माणसे दम घेण्यासाठी थांबतात, यंत्र थांबत नाही. लहान मुले मागे राहतात, यंत्र पुढे निघून जाते. आणि याला कोणी ऐहिक म्हणत नाही, कारण कोणत्याही चित्रपटात यंत्राला दारू पिताना दाखविलेले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी धर्मग्रामाच्या समितीपुढे असा प्रश्न आला, तर मत देण्यापूर्वी सभासदांनी मेरी लू विल्यम्स यांचे संत मार्टिन यांच्यावरील भजन एकदा लावून ऐकावे. १९६४ साली ते तबकडीवर निघाले. सुरुवातीला केवळ कंठ ऐकू येतात, एकमेकांत विरघळणारे, वाद्याविना. आणि ही रचना आयुष्यभर पियानो वाजविलेल्या बाईची आहे. पियानो बराच वेळ गप्प असतो. मग मध्येच तो थोडा वेळ बोलतो, डाव्या हाताला दक्षिण अमेरिकेच्या मातीतला ठेका धरून, आणि पुन्हा गाणाऱ्यांना जागा करून देतो.